रुग्णालयात अभ्यासासाठी सही मागत आहेत. करावी का? (सोडियम, किडनी, नागपूर)

मुक्ता_खामला | सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. घरात दोन तट पडलेत म्हणून इथे विचारते.

सासूबाई, वय ७२. मधुमेह आणि बीपी जुनं, क्रिएटिनिन (रक्तातला किडनीचा आकडा, वाढला की किडनी मंदावली) काही वर्षांपासून दीड-पावणेदोनच्या आसपास. मागच्या आठवड्यात संध्याकाळी चहा दिला तर म्हणाल्या, "गाडीची वेळ झाली, माझी पेटी कुठे ठेवली?" आम्हाला वाटलं ऊन बाधलं. नागपूरचा मे, त्यात आमच्या कूलरचा पंप बंद. रुग्णालयात नेलं तर सोडियम ११८. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बीपीची गोळी बदलली का?" बदलली होती, क्लोरथॅलिडोन नवीन सुरू झाली होती. जेवण कमी, आणि उन्हाळा म्हणून पाणी मात्र तांब्यावर तांब्या.

आता सोडियम १२९ आहे, बोलणं ठीक आहे. आज एक निवासी डॉक्टर मुलगी तीन पानी मराठी पत्रक घेऊन आली. किडनीचा त्रास असलेल्या भरती रुग्णांमध्ये सोडियम-पोटॅशियम कसं बिघडतं याचा अभ्यास आहे. रोजच्या तपासण्यांचे आकडे नोंदवणार, एकदा थोडं जास्तीचं रक्त आणि लघवी घेणार, तीन महिन्यांनी फोन करणार. औषध वगैरे काही नवीन देणार नाहीत म्हणे. जाऊबाई म्हणतात, "आपल्या माणसावर प्रयोग नकोत." मिस्टर म्हणतात, तू ठरव.

सही करावी का? आणि दुसरं, सोडियम इतकं हळूहळू का वाढवतात? पहिल्या दिवशी फक्त १२४ पर्यंत नेलं. मिठाचीच कमतरता आहे तर पटकन का भरत नाहीत?

(रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. विचारू नका.)

---

तर्रीबाज

पत्रक तीन पानी आहे आणि मराठीत आहे? आधी त्या डॉक्टरीणबाईचा सत्कार करा. आम्ही बँकेच्या कर्जावर चाळीस पानं न वाचता सही करतो.

---

वऱ्हाडी_ठेचा

काहून घाबरून राहिल्या ताई? रक्त तं तसंही रोज काढूनच राहिले ना. आमच्या बुढ्याच्या टायमाले कोणी इचारलं बी नाई, रोज सकाळी येऊन टोचून जाय. आता इचारते तं लोकाईले भेव वाटते. पन एक सांगतो, सही कराच्या आधी पैसे लागते का हे इचारून घ्या. जास्तीची तपासणी अन् बिल आपल्या नावावर, असं व्हाले नको.

---

जुना_वर्धेकर

मुक्ताताई, मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. हा अभ्यास वगैरे काही नसतो. एमडी करणाऱ्या प्रत्येकाला प्रबंध द्यावाच लागतो, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही. मग विषय ठरलेले: अमुक रुग्णांचे 'क्लिनिकल प्रोफाइल'. दोन वर्षांत शंभरेक रुग्ण गोळा करायचे, तक्ते काढायचे, निष्कर्ष लिहायचा की सोडियम कमी असलेले रुग्ण जास्त दिवस भरती राहतात. वा! हे वॉर्डातल्या मावशींनाही माहीत आहे. पुढे काळ्या पुठ्ठ्याची सोनेरी अक्षरांची प्रत ग्रंथालयात. माझ्या पुतण्याचीही तिथेच आहे.

तोटा नाही, पण फायदाही शून्य. तुमच्या सासूबाईंच्या रक्ताची एक बाटली वाचवा.

---

डॉ_निवांत | सोमवार, रात्री ११:४०

मी मेडिसिनचा, किडनीतज्ज्ञ नाही. मेडिकलला शिकलो, आता छोट्या गावात असतो. इथलं बोलणं म्हणजे उपचार नव्हेत, एवढं धरून वाचा.

आधी दुसरा प्रश्न, कारण तो जास्त महत्त्वाचा आहे. मुक्ताताई, बहुतेक वेळा मिठाची कमतरता नसतेच. पाणी जास्त झालेलं असतं. सोडियमचा आकडा म्हणजे रक्तातल्या पाण्याच्या मानाने सोडियम किती, एवढंच. तो १३५ ते १४५ असावा. लघवी वाढवून बीपी उतरवणाऱ्या थायाझाइड जातीच्या गोळ्या (क्लोरथॅलिडोन त्यांचीच बहीण) लघवी पातळ करून जास्तीचं पाणी बाहेर टाकण्याची किडनीची क्षमता कमी करतात. वय जास्त, जेवण कमी, त्यात भरपूर पाणी, मग आकडा घसरतो. म्हातारी, बारीक चणीची बाई आणि नवीन सुरू झालेली ही गोळी, हे चित्र आम्ही दर उन्हाळ्यात पाहतो.

हळूहळू का? सोडियम दोन-तीन दिवस कमी राहिलं की मेंदूच्या पेशी स्वतःतले काही क्षार आणि इतर द्रव्यं बाहेर टाकून जुळवून घेतात, म्हणजे सूज कमी राहते. आता बाहेरचा आकडा झपकन वर नेला तर त्या पेशींतलं पाणी ओढलं जातं आणि मज्जातंतूंच्या आवरणाला इजा होऊ शकते. बोलणं, गिळणं, हातपाय, सगळंच जाऊ शकतं, आणि तेही दोन-चार दिवसांनी, जेव्हा घरचे "आकडा छान आला" म्हणून खूश असतात. म्हणून चोवीस तासांत साधारण ८, फार तर १०, असं कुंपण घालून चालतात. झटके येत असतील, माणूस बेशुद्ध असेल तर ३ टक्क्यांचं सलाईन देऊन सुरुवातीला ४ ते ६ ने पटकन वर नेतात आणि मग पुन्हा कुंपणात. ११८ वरून १२४ म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी नीट केलं आहे.

सहीबद्दल उद्या लिहितो, झोप येते आहे. वर्धेकरांशी थोडं भांडायचंही आहे.

---

सीताबर्डीचा_पेन्शनर

डॉक्टरसाहेब, छान समजावलंत. माझ्या मेहुण्याला असंच झालं तेव्हा घरच्यांनी चिमूटभर मीठ पाण्यात घालून घालून पाजलं. वर नारळपाणी. बरं झालं नाही ते नाहीच, उलट पोटॅशियम वाढलं म्हणून रात्री धावपळ.

---

टोरोंटोकर | मंगळवार

मूळ धरमपेठेचा, आता बरीच वर्षं कॅनडात, रुग्णालयांच्या आकडेवारीचं काम करतो. वर्धेकरांना उत्तर देण्याचा मोह आवरत नाही.

डॉक्टरांनी सांगितलेल्या त्या कुंपणाचंच घ्या. इथे टोरोंटोच्या पाच रुग्णालयांत २०१० ते २०२० या काळात सोडियम १३० च्या खाली घेऊन भरती झालेल्यांच्या नोंदी तपासल्या. बावीस हजारांवर भरत्या. कोणाला नवीन औषध दिलं नाही, कोणाला जास्तीची सुई टोचली नाही. रोजचेच आकडे, मुक्ताताईंच्या सासूबाईंच्या फायलीत आहेत तसेच. त्यात ती मेंदूची इजा किती जणांना सापडली? १२. आणि त्या १२ पैकी ७ जणांचं सोडियम वेगाने वाढवलंच नव्हतं! हा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात असं दिसलं की फारच हळू वाढवलेल्या रुग्णांत मृत्यू जास्त होते. तेव्हापासून वाद चालू आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. १९९९ साली रेल्स नावाची मोठी चाचणी छापली गेली. हृदय कमकुवत झालेल्यांना स्पायरोनोलॅक्टोन दिलं तर मृत्यू कमी होतात असं सिद्ध झालं. औषध जुनं, स्वस्त, पण पोटॅशियम वाढवणारं, आणि ते फार वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. डॉक्टर धडाधड लिहू लागले. पण चाचणीत क्रिएटिनिन २.५ च्या वर किंवा पोटॅशियम ५ च्या वर असलेले लोक घेतलेच नव्हते, आणि घेतलेल्यांच्या रक्तावर बारीक नजर होती. बाहेरच्या जगात तसं थोडंच असतं? ओंटारियोत नोंदी काढल्या तेव्हा दिसलं की १९९४ मध्ये अशा वृद्ध रुग्णांत पोटॅशियम वाढल्यामुळे भरती होण्याचं प्रमाण हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये हजारी ११ झालं. मृत्यूही वाढले. हे २००४ मध्ये छापून आलं आणि ती गोळी लिहिताना पोटॅशियम तपासलंच पाहिजे यावर जोर आला.

चाचणीने औषधाचा गुण सांगितला. त्याची किंमत कळली ती वॉर्डातल्या साध्या नोंदींतून. तुमच्या पुतण्याच्या प्रबंधाने जग बदललं नसेल, पण म्हणून नोंदीच ठेवू नयेत का?

---

जुना_वर्धेकर

टोरोंटोत संगणकात बावीस हजार नोंदी आहेत हो. इथे मागच्या भरतीचा कागद कपाटात सापडला तर पेढे वाटतात. शंभर रुग्णांच्या प्रबंधाची आणि तुमच्या ओंटारियोची तुलना कशी करता? मी संशोधनाच्या विरुद्ध नाही, नावापुरत्या संशोधनाच्या विरुद्ध आहे.

---

लॅबवाली

वर्धेकरकाका, यात तुमचा मुद्दा मला अर्धा पटतो, पण कारण वेगळं. मी रामदासपेठेत एका लॅबमध्ये काम करते. अभ्यास मोठा की लहान हे नंतर, आधी आकडा खरा आहे का हे बघायला हवं.

पोटॅशियमच घ्या. ते पेशींच्या आत भरपूर, बाहेर थोडं. रक्त काढताना पट्टा घट्ट आवळून ठेवला, पेशंटला "मूठ उघड-मीट करा" सांगितलं, बारीक सुईतून जोरात ओढलं की पेशी फुटतात. नळी फिरवून काढली की वरचा पिवळसर भाग गुलाबी दिसतो, तेव्हाच मला कळतं की हा आकडा खोटा वाढलेला येणार. मशीन ६.३ दाखवतं आणि पेशंटचं खरं ४.५ असतं. दुसरी गंमत म्हणजे जांभळ्या टोपणाच्या नळीत जे रसायन असतं त्यात पोटॅशियमच असतं. कोणी घाईत त्या नळीतलं रक्त दुसऱ्या नळीत ओतलं तर पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम जवळजवळ शून्य. असा रिपोर्ट पाहून एकदा वॉर्डातून फोन आला, "पेशंट वारला का?" पेशंट पोहे खात होता.

आणि उन्हाळ्यात आमच्याकडे बाहेरून येणारे नमुने बर्फाच्या डब्यात येतात. लोकांना वाटतं गार ठेवलं म्हणजे सुरक्षित. पण न फिरवलेलं रक्त बर्फात ठेवलं की पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम झिरपत बाहेर येतं. मे महिन्यात लांबून आलेल्या नमुन्यांत अचानक पोटॅशियम 'वाढलेले' बरेच निघतात, त्यातले काही त्या बर्फाचे असतात.

म्हणून मुक्ताताई, त्या डॉक्टर मुलीला विचारा की फुटलेले नमुने तुम्ही मोजणीतून वगळता का. ती चटकन उत्तर देऊ शकली तर अभ्यास नीट चालू आहे असं समजा.

---

तर्रीबाज

पोहे खात होता म्हणजे नक्की नागपूरचाच पेशंट. तर्रीसोबत होते का?

---

वऱ्हाडी_ठेचा

@लॅबवाली ताई, बम हासलो. पन हे मूठ उघड-मीटचं खरंय का? मले तं दरवेळी तेच सांगतेत.

---

लॅबवाली

खरं आहे भाऊ. मूठ नुसती सैल मिटून ठेवा, पंप मारत बसू नका. सांगणाऱ्यांना शीर दिसायला हवी असते, बिचाऱ्यांचाही नाइलाज.

---

सीताबर्डीचा_पेन्शनर | बुधवार

नारळपाण्याचा विषय निघाला म्हणून विचारतो. माझंही क्रिएटिनिन १.९ आहे. आहारतज्ज्ञ बाईंनी संत्री बंद केली. नागपुरात राहून संत्री बंद! बायको म्हणते एक-दोन फोडींनी काय होतंय. भाजी पाण्यात उकळून पाणी फेकायला सांगितलं आहे, चव राहत नाही. मीठ मात्र बदललं, लो सोडियमवालं आणलं, बीपीसाठी चांगलं म्हणून.

---

डॉ_निवांत

काका, तुम्ही दारातून मांजर हाकललं आणि खिडकीतून वाघ घरात घेतला! लो सोडियम मिठात सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. धडधाकट माणसाला ते चांगलंच. चीनमध्ये ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर अभ्यास झाला, चौथा हिस्सा पोटॅशियमवाल्या मिठाने पक्षाघात कमी झाले, २०२१ मध्ये छापलं गेलं. पण त्यात किडनीचा गंभीर आजार असलेले घेतले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जानेवारीत अशा मिठाची शिफारस केली, तीही किडनी बिघडलेल्यांना वगळून. तुम्ही रामिप्रिल-टेल्मिसार्टन जातीची बीपीची गोळी घेत असाल तर आणखीच जपा, तीही पोटॅशियम वाढवते. पाकीट आजच तुमच्या डॉक्टरांना दाखवा. सैंधवाचं विचाराल तर ते बहुतांशी साधं मीठच, फक्त गुलाबी.

संत्र्याबद्दल: पोटॅशियम ४.२ असताना दोन फोडी खाल्ल्या म्हणून काही होत नाही. ५.६ असेल तर थांबा. क्रिएटिनिन वाढलं की सरसकट फळं बंद, ही जुनी सवय झाली. आता आधी पोटॅशियमचा आकडा बघतात, मग ताट. ग्लासभर नारळपाण्यात मात्र त्या दोन फोडींपेक्षा कितीतरी जास्त पोटॅशियम असतं आणि ते घटाघट जातं.

---

अजनीची_अनू

मे महिन्यात संत्री? काका, आंबिया बहार डिसेंबरात संपतो, मृग बहार मार्च-एप्रिलपर्यंत. तुम्हाला शीतगृहातली खपवली कोणीतरी. किडनीचं राहू द्या, खिशाचं बघा.

---

सीताबर्डीचा_पेन्शनर

बायकोनेच आणली कॉटन मार्केटमधून. हा धागा तिला दाखवणार नाही.

(मिठाचं पाकीट बाजूला काढलं आहे, डॉक्टर. धन्यवाद.)

---

अजनीची_अनू

एक शंका. आमच्याकडे कोणीही आजारी पडलं की "एक सलाईन लावा, ताकद येते". माझ्या काकांना किडनीचा त्रास असताना डॉक्टरांनी रिंगर लॅक्टेट नावाचं दुसरं सलाईन लावलं. बाटलीवर पोटॅशियम लिहिलेलं वाचून आम्ही भांडलो. साधं सलाईन जास्त सुरक्षित नाही का?

---

डॉ_निवांत

सगळ्यांना असंच वाटायचं, मलाही विद्यार्थीदशेत असंच शिकवलं. पण रिंगरमध्ये पोटॅशियम लिटरला ४, म्हणजे निरोगी रक्तात असतं तितकंच. साध्या सलाईनमध्ये क्लोराइड जास्त, त्याने रक्त आम्ल होतं आणि पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं. २००५ मध्ये किडनी प्रत्यारोपणाच्या ५१ रुग्णांवर तुलना झाली. पोटॅशियम ६ च्या वर गेलेले सगळे साध्या सलाईनच्या गटातले निघाले, रिंगरच्या गटात एकही नाही. मग २०१८ मध्ये अमेरिकेत अतिदक्षता विभागातल्या पंधरा हजारांवर रुग्णांत रिंगरसारख्या द्रवांचा किंचित फायदा दिसला. पुढे ब्राझीलमध्ये आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये मोठ्या चाचण्या झाल्या, तर फरक दिसला नाही. पण मृत दात्याची किडनी बसवलेल्यांत २०२३ ला पुन्हा दिसला: किडनी उशिरा सुरू होऊन डायलिसिस लागणारे साध्या सलाईनने ४० टक्के, दुसऱ्या द्रवाने ३०.

म्हणजे ज्या बाटलीवर तुम्ही भांडलात तिच्यावर जग गेली वीस वर्षं भांडतंय. आणि ताकद कुठल्याच बाटलीत नसते, हे माझ्या पेशंटांना सांगून सांगून मी थकलो. लिटरभर सलाईनमध्ये ९ ग्रॅम मीठ असतं, बस.

---

वऱ्हाडी_ठेचा

अन् दीडशे रुपयाचं समाधान असते डॉक्टरसाहेब, ते पकडलं नाई तुमी.

---

डॉ_निवांत | बुधवार, रात्री

आता मूळ प्रश्न, तो राहूनच गेला.

वर्धेकर म्हणतात त्यात तथ्य आहे. सोडियम कमी असलेले जास्त मरतात, हे शंभरदा लिहून झालं. सोडियममुळे मरतात, की मुळात जास्त आजारी आहेत म्हणून सोडियम कमी आहे, हे शंभर रुग्णांच्या तक्त्यातून कळत नाही. पण आपल्याकडचे रुग्ण टोरोंटोचे नाहीत. आपल्याकडे किडनी अचानक बसते ती घोणस चावून, स्क्रब टायफसने (गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने येणारा ताप), मलेरियाने, हगवणीने, उन्हात राबून वर डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी घेतल्याने. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरच्या वॉर्डांत स्क्रब टायफसचे रुग्ण किती होते ते आठवा. याची नोंद इथल्या पोरांनी नाही ठेवली तर कोण ठेवणार? शिवाय अशा नोंदींतून सुधारणा कुठे होते बघा. किडनी अचानक बिघडली हे ठरवायची आजची व्याख्या २०१२ ची, केडिगो या किडनीतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाची: ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा सात दिवसांत दीडपट झालं, किंवा लघवी सहा तास फार कमी झाली. ०.९ चं १.२ झालं तर पूर्वी "नॉर्मलच आहे" म्हणून फाइल मिटायची. आता थांबून बघतात.

मुक्ताताईंनी काय बघावं: पत्रकावर नैतिकता समितीची (एथिक्स कमिटी, अभ्यासात रुग्णांचं हित जपलं जातं का ते बघणारी) मान्यता आणि तिचा संपर्क आहे का. जास्तीच्या तपासणीचा खर्च कोणाचा. नाही म्हटलं किंवा मधेच बाहेर पडलं तर उपचारात फरक पडणार नाही असं लिहिलंय का. उरलेलं रक्त पुढच्या अभ्यासांसाठी साठवणार असतील तर त्याला वेगळी संमती मागतात, ती नाकारून बाकीची देता येते. नवीन औषधाची चाचणी असती तर मी आणखी बरंच विचारायला लावलं असतं, नुकसानभरपाईपासून. हे निरीक्षण आहे. 'प्रयोग' हा जाऊबाईंचा शब्द इथे लागू नाही.

पण एक गोष्ट कोणीच विचारली नाही. सासूबाई आता शुद्धीवर आहेत ना? नीट बोलतात, समजतं? मग सही तुमची कशाला? सोडियम ११८ असताना, भ्रमात असताना, घरच्यांची संमती घेतात ते ठीक. भान आल्यावर त्यांनाच विचारायचं, आणि आधी घरच्यांनी दिलेली असली तरी पुन्हा विचारायचं, असा आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांचा रोख आहे. तट घरात पडलेत आणि ज्यांचं रक्त त्यांचं मत धाग्यात कुठेच नाही.

---

अजनीची_अनू

अरे हो की! वीसेक प्रतिसाद होत आले आणि आपण सगळे सुनेला सल्ला देत बसलो.

---

जुना_वर्धेकर

हा मुद्दा मान्य. घोणस आणि स्क्रब टायफसचाही मान्य. काळ्या पुठ्ठ्यावरचं माझं मत कायम.

---

मुक्ता_खामला | शुक्रवार, दुपारी ३:०५

सगळ्यांचे आभार. सोडियम आज १३३, ती गोळी बंद करून दुसरी दिली आहे, पाण्याला माप लावलंय.

काल डॉक्टर मुलगी आली तेव्हा पत्रक सरळ आईंच्या हातात दिलं. चष्मा मागितला, तिन्ही पानं बोट ठेवून वाचली, मधे एकदा "हे मूत्रपिंड म्हणजे किडनीच ना?" एवढं विचारलं. जाऊबाई शेजारी उभ्या, चेहरा असा की काही बोलायची सोय नाही. आई त्यांना म्हणाल्या, "अगं, रोज सकाळी नेतातच ना रक्त, त्यात एक दिवस चमचाभर जास्त. कोणाच्या कामी येत असेल तर येऊ दे." मग त्या मुलीला प्रश्न, "यातून काय निघालं ते मला कळवशील का?" ती गडबडली. म्हणाली, असं कोणी विचारलं नव्हतं, सरांना विचारून सांगते.

लॅबवाली ताईंचा प्रश्नही मी विचारला. लगेच म्हणाली, फुटलेला नमुना असेल तर पुन्हा घेतो, नाही मिळाला तर तो आकडा धरत नाही. खर्च त्यांच्याकडे. समितीचा नंबर पत्रकावर आहे. आईंनी सही केली, आणि उरलेलं रक्त साठवण्याच्या चौकटीत 'नाही' वर खूण केली. का ते विचारलं तर म्हणाल्या, "सगळंच कशाला द्यायचं?"

जाऊबाई अजून रुसलेल्या आहेत.

---

तर्रीबाज

आईंना माझा नमस्कार. कर्जाचे कागद पण त्यांच्याकडूनच वाचून घ्यावे म्हणतो.

---

टोरोंटोकर

"मला कळवशील का" हा प्रश्न इथेही फार थोडे लोक विचारतात. मुक्ताताई, ती विसरली तर तीन महिन्यांनी फोन येईल तेव्हा आठवण करून द्या. एक पान साध्या मराठीत लिहायला काही जड नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा

डॉक्टरसाहेब, हे सारं वाचून आमच्या बाबाच्या गोळ्या पाह्यल्या. टेल्मिसार्टनच्या संगं बारीक अक्षरात क्लोरथॅलिडोन लिवलं हाय, एकाच गोळीत. वय ७८. वावरात जाते अजून, दिवसभर पानी पेते, गुडघ्यासाठी दुकानातून गोळी घेते. बंद करू का उद्यापासून?

---

डॉ_निवांत

भाऊ, स्वतःच्या मनाने बंद करू नका, बीपी उसळलं तर वेगळीच भानगड. लाखो लोक ही गोळी मजेत घेतात. उद्या सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन करून घ्या, साधी तपासणी आहे, आणि ज्यांनी गोळी लिहिली त्यांना रिपोर्ट दाखवा. चालताना तोल जातो का, भूक गेली का, विसरायला लागले का, हेही त्यांना सांगा.

बंद करायचीच असेल तर आज रात्रीपासून ती दुकानातली गुडघ्याची गोळी करा. टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन आणि वरून दुखण्याची गोळी, तिन्ही मिळून उन्हात काम करणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची किडनी बसवतात. पॅरासिटामॉल चालेल, तेही डॉक्टरांना विचारून. वावरातून आल्यावर ताकाला चिमूटभर मीठ घालू दे त्यांना, आणि रक्त काढताना मूठ सैल ठेवायला सांगा.

---

वऱ्हाडी_ठेचा

हाव. सकाळीच नेतो. उपाशीपोटी लागते का?

---

लॅबवाली

या तीन तपासण्यांना उपाशी राहायची गरज नाही भाऊ. साखर करायची असेल तरच. दहाच्या आत आणा, नंतर गर्दी असते.